थेंबाच्या काठाशी

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात आषाढातल्या एका शनिवारी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

मंडळी, दाराशी तुमच्या छत्र्यांचा ढीग पडलाय आणि तिथून खुर्च्यांपर्यंत पाण्याचे ओघळ आलेत. मी स्वतः घोडबंदर रोडवरून बसने आलो. मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत बस जवळजवळ उभीच होती, आणि पाऊणएक तास मी खिडकीच्या काचेकडे बघत बसलो. काचेवर एक थेंब असतो. चांगला टपोरा, काच उभी, तरी तो पडत नाही. वरून दुसरा येऊन मिळतो, तरी तो जरासा फुगतो आणि तिथंच राहतो. तिसरा मिळतो, आणि मग तो सुटतो तो थेट खालच्या रबरापर्यंत. तुम्ही सगळ्यांनी हे लहानपणी पाहिलंय, कुठला थेंब आधी खाली पोचतो यावर भावंडांशी पैजा लावल्यात.

मला आज त्या थेंबाबद्दलचा एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. थेंब पुढे गेला म्हणजे त्याचा काठ पुढे गेला. पाणी, काच आणि हवा अशा तिघांची जिथे गाठ पडते ती बारीक रेघ म्हणजे काठ. आमच्या भाषेत तिला संपर्करेषा म्हणतात. ती रेघ काचेवरून सरकते तेव्हा तिथे नेमकं काय होतं? प्रश्न पोरकट वाटेल. पण द्रवांच्या प्रवाहाचं जे गणित आपण धरणांना, पाइपांना, विमानांच्या पंखांना लावतो, ते गणित या रेघेशी आलं की अडकतं. उत्तर चुकलं असं होत नाही, उत्तर अनंत येतं.

सुरुवात पंख्यापासून करतो. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसायचं काम आमच्या घरी माझ्याकडे असतं. हे पातं मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेतं, त्याच्या टोकाचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास जातो. एवढ्या वाऱ्यात धूळ उडून जायला हवी. उलट तिचा थर बसतो, आणि कडेला तर जाडच बसतो. कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते. पात्याच्या दृष्टीने ती स्थिर. धुळीचा कण त्या स्थिर थरात निवांत बसलेला असतो.

हाच नियम पाण्याला. नळीतून पाणी धो-धो वाहिलं तरी नळीच्या भिंतीला टेकलेला पाण्याचा थर भिंतीला धरून राहतो, घसरत नाही. मधलं पाणी सर्वात जोरात, कडेचं शून्य. हा नियम पुस्तकात एका ओळीत येतो आणि पोरं तो पाठ करतात, पण तो मान्य व्हायला शंभर वर्षांहून जास्त काळ गेला. डॅनियल बर्नोलीच्या १७३८च्या ग्रंथातलं गणित खऱ्या पाण्याच्या मोजमापांशी तंतोतंत जुळत नव्हतं, आणि ते त्याच्याही लक्षात आलं होतं. पुढे कुलॉमने, म्हणजे विजेच्या प्रभारांचा नियम ज्याच्या नावाने आपण शिकतो त्याच कुलॉमने, धातूची एक चकती तारेला टांगून पाण्यात पिळ देऊन हलवली. मग चकतीला चरबी फासली. पुन्हा हलवली. मग चरबीवर वाळूच्या दगडाची भुकटी भुरभुरवली. पाण्याचा विरोध जवळजवळ तेवढाच राहिला. पाणी पृष्ठभागावरून घसरत असतं तर ओशट चकती आणि खरबरीत चकती यांत फरक दिसायला हवा होता.

तरी १८२३मध्ये नाविये या फ्रेंच अभियंत्याने वेगळं मांडलं. तो म्हणाला, भिंतीशी द्रव थोडा घसरतो असं धरू या, आणि जितकी ओढ जास्त तितकी घसरण जास्त. किती घसरतो हे मोजायला एक लांबी लागते, तिला मी घसरण-लांबी म्हणतो. कल्पना अशी करा की पाण्याचा वेग भिंतीकडे येता येता कमी होतोय. तो भिंतीपाशी शून्य झाला नाही, तर भिंतीच्या आत आणखी किती खोल गेलं की शून्य झाला असता, ती खोली म्हणजे घसरण-लांबी. स्टोक्सने १८४५मध्ये या सगळ्याचा ऊहापोह केला आणि हळूहळू शास्त्रज्ञांनी ठरवलं की साध्या द्रवांसाठी ही लांबी शून्य धरायला हरकत नाही. नावियेची सूचना फडताळात गेली. ती पुढे कुठे उपयोगी पडणार होती हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आता थेंबाकडे येऊ. काचेला टेकलेलं पाणी काचेला धरून राहतं, हे आपण मान्य केलं. मग थेंबाचा काठ, जो काचेलाच टेकलेला आहे, तो सरकेल कसा? थेंब तिथेच चिकटून बसायला हवा.

इथे माझ्या टेबलावर खिडकीच्या काचेचा तुकडा आहे, एका बाजूला दोन पुस्तकांचा टेकू दिलाय. फ्रीजमध्ये गार केलेल्या मधाचा मोठा थेंब मी त्यावर ठेवतो. आणि पुढच्या काठापासून थोडा मागे, थेंबाच्या पाठीवर, मधातच कालवलेल्या खाण्याच्या लाल रंगाचा एक ठिपका. टाचणीच्या टोकाने ठेवलाय. मोबाइलचा कॅमेरा लावलाय, पडद्यावर तुम्हाला दिसेल. ठिपक्यावर लक्ष ठेवा. थेंब उतारावरून सरकतोय, ठिपका मात्र थेंबापेक्षा लवकर पुढे येतोय. आता तो थेंबाच्या पुढच्या उतरत्या भागावर आला. आता काठाशी. आणि गेला! वरून दिसत नाही. काचेच्या खालून बघायचं कोणी? ये, तू ये. दिसला? कुठे आहे? बरोबर, थेंबाच्या पोटाखाली, काचेला चिकटलाय. या मार्करने काचेच्या खालच्या बाजूला, बरोब्बर ठिपक्याच्या खाली, एक बारीक खूण कर. काच हलवू नकोस. झालं, बस जागेवर, शेवटी आपण परत बघू.

हा प्रयोग माझा नाही. एलिझाबेथ डुसान आणि स्टीफन डेव्हिस यांनी १९७४मध्ये तो मध घेऊनच केला होता. थेंब घसरत नाही, लोळत जातो. मेट्रोच्या कामावर पोकलेन तुम्ही पाहिलंय. त्याचा साखळीचा पट्टा जमिनीवर घासत नाही. वरची पट्टी पुढे येते, वळून खाली जाते, जमिनीवर टेकते आणि टेकल्यावर जागची हलत नाही. पोकलेन तिच्यावरून पुढे जातं. थेंबाची पाठ तशीच पुढे येऊन काचेवर अंथरली जाते. म्हणजे काचेला टेकलेलं पाणी हलत नाही हेही खरं, आणि काठ पुढे जातो हेही खरं. एका अडचणीतून सुटका झाली.

दुसरी अडचण खरी कठीण आहे. ती तीन वर्षं आधी, १९७१मध्ये, चुन हू आणि एल. ई. स्क्रिव्हन यांनी दाखवली होती. थेंबाचा काठ म्हणजे पाचरीसारखा निमुळता होत गेलेला भाग. थेंबाबरोबर प्रवास करतोय असं समजा, तर तळाला काच मागे पळतेय आणि वरची पाठ पुढे येतेय. वर आणि खाली वेगात फरक आहे, आणि हा फरक किती जाडीत भरून काढायचा? थेंबाच्या मध्यभागी मिलिमीटरभर जाडी आहे, तिथे प्रश्न नाही. काठाकडे जाल तसतशी जाडी घटते, फरक मात्र तेवढाच राहतो. सेकंदाला एक सेंटिमीटर सरकणारा पाण्याचा थेंब घ्या. जाडी एक मिलिमीटर असते तिथे घर्षणाचा ताण पास्कलच्या (पास्कल हे ताण मोजायचं एकक) शंभराव्या भागाइतका, म्हणजे नगण्य. जाडी एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, होते तिथे तो दहा पास्कल. एक नॅनोमीटर, म्हणजे त्याचाही हजारावा भाग, होते तिथे दहा हजार. आणि गणितातल्या पाचरीची जाडी तर शून्यापर्यंत जाते.

कोणी म्हणेल, ताण वाढला तरी जागाही कमी होत जाते, एकूण जोर मर्यादितच राहील. राहत नाही. हे मला तुम्हाला नीट समजावून द्यायचंय, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. जाडी एक मिलिमीटरपासून दशांश मिलिमीटरपर्यंत उतरते त्या टप्प्यात काचेवर समजा एक रुपयाचा जोर लागतो. पुढच्या टप्प्यात, दशांशपासून शतांशपर्यंत, ताण दहापट, जागा एक दशांश. पुन्हा एकच रुपया. त्यापुढच्या टप्प्यात पुन्हा एक रुपया. हायवेवर प्रत्येक नाक्यावर तोच टोल द्यावा लागावा, अशातला प्रकार आहे. आणि शून्याकडे जाताना नाके संपतच नाहीत. प्रत्येक टोल किरकोळ, बेरीज अनंत.

याचा अर्थ काय होतो बघा. घन वस्तू पाण्यात बुडवताना पाण्याचा काठ तिच्या अंगावरून वर चढत जातो. प्रत्येक वस्तूभोवती ही रेघ असते. तिला हलवायला अनंत जोर लागत असेल तर कुठलीच वस्तू कुठल्याच पाण्यात बुडवता येणार नाही. हू आणि स्क्रिव्हन यांनी आपल्या निबंधात लिहिलं की हे गणित पूर्ण खरं असतं, तर हेराक्लिसलाही, म्हणजे ग्रीकांच्या भीमालाही, एखादी घन वस्तू पाण्यात बुडवता आली नसती. मी हे पहिल्यांदा वाचलं ते भाद्रपदातच. त्याच आठवड्यात मासुंदा तलावावर गेलो होतो. दीड दिवसाचे गणपती पाण्यात उतरत होते, पाण्याची रेघ मूर्तीच्या पाटावरून, पायांवरून, सोंडेवरून चढत होती, सहज, कसलाही जोर न लावता. शेजारचा माणूस हात जोडून उभा होता. मीही जोडले, पण माझी नजर त्या रेघेवर होती. जे अशक्य आहे असं गणित सांगतं ते एका संध्याकाळी तिथे कितीदा तरी घडत होतं.

मग गणित कुठे चुकतं? टोलनाके खरं तर अनंत नसतात. पाणी रेणूंचं बनलेलं आहे आणि पाण्याचा रेणू साधारण ०.३ नॅनोमीटरचा. त्याहून पातळ पाचर असूच शकत नाही. एक मिलिमीटरपासून एक नॅनोमीटरपर्यंत दहापटीचे सहा टप्पे होतात, म्हणजे सहाच नाके. बेरीज मर्यादित झाली, थेंब चालू लागला.

पण रेणूंपाशी आलो की ‘पाणी भिंतीला धरून राहतं’ या नियमाचं काय करायचं? इथे नावियेची फडताळातली सूचना बाहेर काढावी लागते. स्वच्छ काचेसारख्या पाण्याला ओढून घेणाऱ्या पृष्ठभागावर घसरण-लांबी शून्य ते काही नॅनोमीटर असते. पाणी झटकणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर ती काही दशक नॅनोमीटरपर्यंत जाते. इंचाच्या नळात या लांबीला काडीचं महत्त्व नाही. थेंबाच्या काठाशी मात्र पाचरीची जाडीच तेवढी उरते, तिथे घसरण म्हणजे सगळं काही.

रेणूंच्या पातळीवर काय चालतं ते डोळ्यांनी बघायची सोय नव्हती, म्हणून लोकांनी संगणकात रेणू हलवून बघितले. १९८८मध्ये कोप्लिक, बानावर आणि विलेमसेन यांनी, १९८९मध्ये थॉम्पसन आणि रॉबिन्स यांनी. आजच्या मानाने फार थोडे कण, पण चित्र स्वच्छ निघालं. काठापासून दूर द्रव भिंतीला धरून राहतो, पुस्तकात सांगितल्यासारखा. काठाच्या अगदी जवळ, काही रेणूंच्या अंतरात, नियम मोडतो आणि रेणू भिंतीवरून सरकतात. त्यानंतर २००३मध्ये हाँगकाँगमधल्या त्येझेंग छ्यान, शियाओपिंग वांग आणि पिंग शेंग यांनी या सरकण्याचं कारण मांडलं, आणि मला ते फार सुंदर वाटतं. थेंब स्थिर असतो तेव्हा काठाशी तीन ओढींचा तोल साधलेला असतो: पाण्याच्या पाठीची, ओल्या काचेची आणि कोरड्या काचेची. या तोलातून थेंबाचा कोन, म्हणजे काठाशी पाण्याची पाठ काचेशी करते तो कोन, ठरतो, हे थॉमस यंगने १८०५मध्ये सांगितलं होतं. थेंब चालायला लागला की कोन बदलतो, तोल ढळतो, आणि थोडी ओढ शिल्लक राहते. ही शिल्लक ओढच काठाशी रेणूंना घसरवते. नुसत्या घर्षणाने ते घसरत नाहीत. म्हणजे घसरण का होते आणि कोन का बदलतो, हे एकाच प्रश्नाचे दोन भाग निघाले.

याखेरीज आणखी एक विचार आहे, ब्लेक आणि हेन्स यांचा, १९६९चा. तो म्हणतो की रेणू सरकत नाहीत, उड्या मारतात. पृष्ठभागावर रेणूला बसायच्या जागा असतात. एक जागा सोडायची, पुढची धरायची, आणि सोडताना थोडी ऊर्जा खर्च करायची. उड्या मागेही पडतात आणि पुढेही. काठावर ओढ असेल तर पुढच्या जास्त.

आणि तिसरा प्रकार तर देवघरात आहे. तुमच्यापैकी कोणी समई घासत असेल तर माहीत असेल, तेल वाटीतच राहत नाही. बाहेरून, दांड्यावर, खालच्या बैठकीपर्यंत ओशटपणा येतो. काही तेल वातीवरून ओघळतं, पण काही निव्वळ पसरत जातं. पृष्ठभागावर पसरणारा द्रव आपल्या दिसणाऱ्या काठाच्या पुढे न दिसणारी, अतिशय पातळ अशी साय पाठवतो. विल्यम बेट हार्डी याने १९१९मध्ये तिचा माग काढला होता, आणि पुढे द जेन यांनी तिचं गणित बसवलं. भौतिकशास्त्राचं १९९१चं नोबेल मिळालेले हेच ते. तेलाचा मुख्य काठ मग कोरड्या पितळेवरून जातच नाही, स्वतःच अंथरलेल्या सायीवरून जातो, आणि घसरणीचा प्रश्न वेगळ्याच रूपात सुटतो.

अशा पसरणाऱ्या छोट्या थेंबाचा एक नियम आहे, टॅनरचा, १९७९चा. थेंबाची त्रिज्या काळाच्या दहाव्या मुळाच्या प्रमाणात वाढते. ऐकायला साधं वाटतं. हिशेब करून बघा. त्रिज्या दुप्पट व्हायला वेळ १०२४ पट लागतो. पहिल्या मिनिटाअखेर थेंब जेवढा होता त्याच्या दुप्पट व्हायला सतरा तास. पुन्हा दुप्पट व्हायला जवळजवळ दोन वर्षं. इतका सावकाश, कारण काठाचा कोन जितका लहान होतो तितकी पाचर निमुळती, तितकी आतली घासाघीस जास्त.

आता माझ्या कामाबद्दल थोडं. मी नोकरी केली ती वागळे इस्टेटमध्ये, कोटिंग मशीनवर. कारखान्याचं नाव सांगत नाही. कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर डिंकासारखा द्रव सारखा फासायचा, भट्टीतून वाळवायचा, गुंडाळायचा. पट्टी रोलरवरून पळते आणि द्रव एका रेघेत तिला येऊन मिळतो. ती रेघ म्हणजे आपली संपर्करेषाच, फक्त इथे थेंब उभा आणि काच पळणारी. एका वर्षी ऑर्डर वाढली, मशीनचा वेग वाढवला, आणि मालात बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. रोलच्या रोल परत आले. ठपका ठेवला गेला रात्रपाळीच्या ऑपरेटरवर. द्रव नीट ढवळत नाही, हवा आत जाऊ देतो, असं म्हणून त्याचे पैसे कापले. तो शपथेवर सांगत होता की मी ढवळण्यात काही बदल केलेला नाही. मी तेव्हा नवा होतो आणि गप्प बसलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तो खरं बोलत होता. ब्लेक आणि केनेथ रुशॅक, दोघंही कोडॅकचे, यांनी १९७९मध्ये दाखवलं होतं की द्रवाला पृष्ठभाग ओला करण्याच्या वेगाची मर्यादा असते. पट्टीचा वेग वाढवला की द्रवाच्या बाजूने मोजलेला काठाचा कोन मोठा होत जातो, १२०, १५०, आणि १८० अंशांजवळ आला की द्रवाला पुढे वाव उरत नाही. त्याहून वेग वाढवला तर सरळ रेघ मोडते आणि करवतीच्या दातांसारखी तिरकी होते. कसारा घाटात रस्ता सरळ चढवत नाहीत, वळणं घेत तिरका नेतात, कारण तिरक्या रस्त्याला चढ कमी लागतो. तसंच रेघ तिरकी झाली की तिच्या काटकोनातला वेग मर्यादेत राहतो. पण प्रत्येक दाताच्या टोकाशी दोन तिरक्या रेघा मिळतात, आणि तिथून हवा आत शिरते, बुडबुड्यांच्या रूपात. ढवळण्याचा त्यात काही संबंध नव्हता. काही वर्षांनी मी काचेच्या रोलरमागून भिंगाने ते दात स्वतः बघितले. तोपर्यंत तो ऑपरेटर काम सोडून गावी गेला होता.

यावर उपाय आहेत. द्रव थोडा पातळ करायचा, किंवा पट्टीवर तो पडद्यासारखा वरून पडू द्यायचा, म्हणजे पडणाऱ्या द्रवाचा जोर काठाला दाबून धरतो आणि मर्यादा वर सरकते. फोटोच्या फिल्मचा धंदा या युक्तीवर कित्येक वर्षं चालला.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. काठाशी घसरण होते, की उड्या, की साय? कुठल्या द्रवाला कुठलं, यावर अजून एकमत झालेलं नाही, आणि त्याचं कारण मघाच्या टोलनाक्यांतच आहे. समजा मी म्हणालो की घसरण एक नॅनोमीटरला सुरू होते आणि दुसरा म्हणाला दहा नॅनोमीटरला. आमच्यात दहापट फरक. पण एकूण टोलमध्ये फरक किती? सहाऐवजी पाच नाके, एवढाच. बाहेरून, कॅमेऱ्याने थेंबाचा वेग आणि कोन मोजून, आत खरं काय आहे ते ओळखणं यामुळे फार अवघड जातं. आम्हा कारखान्यातल्यांना ही सोय वाटते, कारण आतलं नीट माहीत नसलं तरी हिशेब बराचसा बरोबर येतो. ज्याला खरं कारण हवंय त्याच्यासाठी मात्र तीच भिंत आहे. माझं स्वतःचं मत छ्यान, वांग आणि शेंग यांच्या बाजूने झुकतं, कारण ते वेगळी काही वस्तू गृहीत न धरता कोन आणि घसरण एकत्र बांधतात. पण खरबरीत, मळक्या, रोजच्या पृष्ठभागांवर उड्यांचं गणित जास्त जुळतं, हेही मी पाहिलंय.

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आलीये: ‘अळवावरच्या पाण्याचं काय?’ छान प्रश्न. क्षणभंगुर गोष्टीला आपण अळवावरचं पाणी म्हणतो, कारण ते पानावर ठरतच नाही. अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर बसतो, मधल्या फटींत हवा राहते. त्याचं बूड बरंचसं हवेवर असल्यामुळे घसरण-लांबी अशा पृष्ठभागांवर नॅनोमीटरमध्ये न राहता मायक्रोमीटरपर्यंत जाऊ शकते. आणि काठाला अडकायला जागाच कमी, म्हणून थेंब गोल राहतो आणि जराशा कलाने निघून जातो, जाताना धूळही घेऊन जातो. कमळाच्या पानावरच्या या स्वच्छतेचा अभ्यास बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केला, तो खूप गाजला. घरी करून बघा: अळूच्या पानावर साध्या पाण्याचा थेंब आणि शेजारी भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा थेंब. दुसरा पान ओलं करून बसतो.

बसच्या खिडकीचं याच्या उलट. काचेवर धूळ, तेलकटपणा, ओरखडे, बोटांचे ठसे. काठ प्रत्येक ठिकाणी अडकतो. म्हणून थेंबाला कोनाची थोडी मोकळीक मिळते: खालचा काठ न सरकता कोन मोठा करू शकतो, वरचा काठ न सरकता कोन लहान करू शकतो. या फरकामुळे थेंब स्वतःचं वजन पेलतो. तिसरा थेंब येऊन मिळाला की वजन त्या मोकळिकीपलीकडे जातं, दोन्ही काठ सुटतात आणि तो धावतो. आणि एकदा तो धावला की त्याच्या मागे ओली वाट राहते. पुढचा थेंब त्याच वाटेने येतो, कारण तिथे काठाला अडथळे उरलेले नसतात. लहानपणी पैज जिंकायची तर आधीच ओली झालेली वाट निवडायला हवी होती.

चहाच्या कपाखाली उमटणारं वर्तुळ, पाणी वाळल्यावर स्टीलच्या ताटलीवर कडेला गडद राहणारा डाग, हीही अडकलेल्या काठाचीच कामं. काठ हलत नाही, कडेचं पाणी लवकर वाळतं, ते भरून काढायला मधलं पाणी बाहेर वाहतं आणि बरोबर आणलेला गाळ कडेला टाकतं. शिकागोतल्या मंडळींनी १९९७मध्ये हे उलगडलं. यावर बोलायला आणखी एक संध्याकाळ लागेल, म्हणून इथेच सोडतो.

आता आपली काच. मघाशी जिने खूण केली ती मुलगी कुठे आहे? ये. काच हलवू नकोस, खालूनच बघ आणि मोठ्याने सांग. थेंबाचा पुढचा काठ खुणेपासून किती पुढे गेलाय? चार बोटं. बरं. आणि लाल ठिपका?

‘खुणेवरच आहे, काका.’

बरोबर खुणेवर?

‘हो. हललाच नाही.’